जॉबच्या पोटात ओतायचा सत्तर डिग्रीवाला धातू: आठ महिन्यांचा अनुभव

माल पाचपैकी चार, विकणारा पाचपैकी दोन. घाईत असाल तर इथेच थांबा. नसाल तर सांगते, कारण हा धातू घ्यायच्या आधी मी मराठीत कुठे काही सापडतं का म्हणून खूप शोधलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं.

घेतलेली वस्तू म्हणजे वुड्स मेटल. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचा मिश्रधातू, ७० डिग्री सेल्सिअसला वितळणारा. चहाच्या पाण्याला उकळी फुटायच्या बरंच आधी याचं पाणी झालेलं असतं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दहा कांड्या मागवल्या. पातळ भिंतीचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, कापताना थरथरू नये म्हणून त्याच्या पोटात हा ओतायचा, काम झालं की गरम पाण्यात वितळवून काढायचा, पुन्हा वापरायचा. शोध १८६० चा आहे, आणि लावणारा बार्नबस वूड हा चक्क दातांचा डॉक्टर होता.

आमचं युनिट नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत. पत्र्याचं शेड, एक सीएनसी लेथ (जॉब फिरवून कापणारा, संगणकावर चालणारा), एक व्हीएमसी (फिरत्या टूलने कापणारं तसंच मशीन), आणि बाबांचा जुना लेथ, जो विकायचा नाही असं घरात ठरलेलं आहे. बाबा आता रोज येत नाहीत. येतात तेव्हा खुर्ची टाकून त्या जुन्या लेथजवळच बसतात.

जॉब असा होता: ॲल्युमिनियम ६०६१ चा डबा. बाहेरून ९२ मिलीमीटर, आतून ८९, म्हणजे भिंत दीड मिलीमीटरची. आत १०० मिलीमीटर खोल, एका बाजूने उघडा, दुसऱ्या बाजूला जाड बूड. बाहेरच्या व्यासाला फरक चालणार अधिक-उणे ३० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे तीस हजारांश. ड्रॉइंग पाहून सोपा वाटला. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन विमानांचे भाग बनतात म्हटल्यापासून आम्हा हिंगण्याच्या लोकांनाही आपण बारीक काम करू शकतो असं वाटायला लागलंय, त्याचाच हा परिणाम.

भिंत तीन मिलीमीटरची होती तोवर सगळं गोडीत चाललं. दोनच्या खाली गेलो आणि जॉब गायला लागला. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. पाटीवर नख ओढल्यासारखी कर्र सुरू होते, मग शिट्टी, मग अख्खं शेड वळून बघतं. जॉब काढून उजेडात धरला तर अंगावर तिरप्या लाटांची नक्षी, एकसारखी, साडीच्या काठासारखी.

भिंत अर्धी केली की ताकद अर्धी राहील असं वाटतं. तसं नसतं. भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो. तीनची दीड केली की ती आठपट लवचीक होते. टूल दाबतो, भिंत दबते, सुटते, आणि त्या हालचालीची एक लाट पृष्ठभागावर उमटते. पुढच्या फेरीत टूल त्याच लाटेवरून जातो, म्हणून चिप (कापून निघणारा कीस) कुठे जाड निघते, कुठे पातळ. त्यामुळे टूलवरचा जोर कमी-जास्त होतो आणि भिंत आणखी हलते. आपणच पाडलेल्या खड्ड्यात आपणच पुन्हा पुन्हा आपटायचं, असा हा प्रकार. यालाच चॅटर म्हणतात, आणि चक, म्हणजे जॉब धरणारी पकड, जास्त आवळून तो जात नाही. उलट तीन जॉचा (जबड्यांचा) चक पातळ नळीला आवळला की नळी तिकोनी होते. चकमध्ये असेपर्यंत टर्निंग गोल दिसतं, सोडलं की जॉब आपल्या मूळ वळणावर जातो आणि गोलाई तपासणाऱ्या डायलची सुई तीन ठिकाणी मान हलवते.

फुकटचे उपाय आधी करून घ्या, आम्हीही केले. इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या बदलत्या पात्याचा, नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ वरून ०.२ मिलीमीटरवर आणला, म्हणजे टूल भिंतीला आडवं कमी ढकलतं. ॲल्युमिनियमसाठीचा चकचकीत, धारदार, पॉझिटिव्ह इन्सर्ट लावला. आरपीएम वर-खाली करून पाहिलं, कारण काही वेगांना लाटेवर लाट बरोबर बसते आणि आवाज मावळतो. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला आतून गोल कापून सगळीकडून सारखं धरलं. शिट्टी कमी झाली, गेली नाही. बुडाकडे फिनिश बरं यायचं, उघड्या तोंडाकडे नक्षी.

मग आतून आधार देणं आलं. पहिला प्रयोग डिसेंबरात मेणाचा. इतवारीतून मेणबत्तीवाल्यांचं मेण आणलं, वितळवलं, ओतलं, थंड होऊ दिलं. झकास काम झालं. डिसेंबर-जानेवारीत वीसेक जॉब त्याच मेणावर काढले आणि मी स्वतःवर खूश होते.

एप्रिल आला. नागपूरचा एप्रिल, त्यातून पत्र्याचं शेड, त्यातून दुपारी तीनची वेळ. साधं पॅराफिन मेण वितळतं पंचावन्न-साठच्या आसपास, पण ढिलं त्याच्या बरंच आधी पडतं. बाहेर ४३, पत्र्याखाली त्याहून जास्त, कूलंटच्या (कापताना सोडायच्या थंडाव्याच्या पाण्याच्या) टाकीत हात घातला तर आंघोळीचं पाणी. जॉबमध्ये बोट घातलं तर मेणाचं श्रीखंड झालेलं. कटिंगची उष्णता वेगळीच. चॅटर परत आला, वर जॉबही बरबटलेले. सकाळी सहाला शिफ्ट लावून दहापर्यंत मेणावर काम उरकायचं, असं आठवडाभर केलं. मग ऑपरेटर पोट्टा म्हणाला, "ताई, मे महिन्यात तर आपल्याले रात्रीच यावं लागन." त्याचं बरोबर होतं.

मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसही करून पाहिलं. मूर्तिकारांच्या चितारओळीकडून येताना पोतं आणलं. ते घट्ट बसतं, शंका नाही, पण कूलंटने वरून पिठूळ होतं, ती भुकटी स्लाइडवेवर (मशीन ज्यावर सरकतं त्या पट्ट्यांवर) जाऊन बसते आणि काढताना छिन्नीने फोडावं लागतं. दीड मिलीमीटरच्या भिंतीला छिन्नी दाखवायची नसते. एक डबा तिथेच चेपला. विषय संपला.

तेव्हा हा धातू ऑनलाइन मागवला.

भावाबद्दल आधीच सांगते, म्हणजे नंतर दचकायला नको. किलोमागे तांब्याच्या कितीतरी पट. निम्मा माल बिस्मथ असतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने बिस्मथ, इंडियम, टंगस्टन यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यापासून बिस्मथचा भाव भडकला. टंगस्टन म्हणजे आपले कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे मार दोन्हीकडून.

पार्सल आलं. कांड्या छान, चंदेरी, वजनाला भारी. लेबलवर फक्त "लो मेल्ट अलॉय ७०". घटक किती टक्के, कॅडमियम आहे की नाही, हाताळायचं कसं, एक अक्षर नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर फोनवर उत्तर: "मॅडम, सगळे असंच नेतात, काही होत नाही." विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण दोन स्टार का कापले हे यावरून कळेल. तिसरा कशासाठी कापला, ते असं.

मी कांड्या तपासायच्या ठरवल्या. घरी, गॅसवर, चहाच्या जुन्या पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि एकेक कांडी. नऊ कांड्या सत्तर-एकाहत्तरला अशा वितळल्या की बघत राहावं. कडेने घाम सुटल्यासारखं होतं, मग कांडी बसकण मारते आणि तळाशी पाऱ्यासारखा गोळा लोळायला लागतो. दहावी ऐंशीच्या पुढे गेली तरी लापशीच. तिच्यात मिसळ काहीतरी चुकलेली होती. ती बाजूला काढली. बदलून मिळायला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले.

आणि मग, आधी करायला हवं होतं ते नंतर केलं: घटक नीट वाचले. कॅडमियम विषारी, शिसं विषारी. पाण्यात नव्वदपर्यंत तापवलं तर धूर येत नाही, पण थेट ज्योतीवर तापवून जास्त गरम केलं तर कॅडमियमची वाफ फुप्फुसाचा घात करते. आणि मी हे स्वयंपाकघरात करून बसले होते. आईला सांगितलं. तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते चहाचं होतं." आता ते पातेलं शेडमध्ये आहे, त्यावर लाल रंगाने "विष" लिहिलंय आणि शेजारी हातमोजे टांगलेले आहेत. तुम्ही पातेलं आधीच वेगळं ठेवा. हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला, तंबाखूला, कशालाच हात लावायचा नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून टाकलाय.

पहिला जॉब. आतलं बोअरिंग (आतून कापणं) भिंत जाड असतानाच पूर्ण करून घेतलं, बाहेर दीड मिलीमीटर माल शिल्लक. डबा गरम पाण्यात तापवला, कारण थंड भिंतीला धातू लागला की तिथेच गोठतो आणि फट राहते. आतून तेलाचा हलका हात फिरवला. साडेचार किलो ओतला. पाण्याच्या साधारण साडेनऊपट जड माल असल्यामुळे साडेचार किलो म्हणजे फार काही नाही. १०० मिलीमीटर खोल डब्यात तो ७६ पर्यंतच आला. वरचा भाग रिकामा.

म्हटलं चालवून तर बघू. ओतायच्या आधी डब्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली होती: टण्ण, बराच वेळ. भरल्यावर मारली: ठप. भिंतीवर मारावी तशी. बाबा त्या दिवशी आलेले होते. ते म्हणाले, "मुका झाला बघ."

फिनिश कट, म्हणजे शेवटचा हात, घेतला. बुडापासून वर ७६ पर्यंत आवाज नाही. तिथून पुढे शिट्टी. जॉब काढला तर अंगावर एक सरळ रेघ: खाली आरसा, वर साडीचा काठ. आत धातू कुठपर्यंत आहे ते बाहेरून वाचता येत होतं. इतका स्पष्ट पुरावा मला कुठल्या डेमोत मिळाला नसता. तो डबा रिजेक्ट होता, तरी टेबलावर ठेवलाय. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

पण तो रिजेक्ट झाला तो फक्त वरच्या नक्षीमुळे नाही. गरम पाण्यात धातू काढून टाकल्यावर मापला तर खालचा, आरशासारखा भागसुद्धा ७० मायक्रॉनने कमी. मशीनवर मापला तेव्हा बरोबर होता. दोन जॉब आणखी असेच गेले, मग डोकं चाललं. बहुतेक धातू गोठताना आकसतात, बिस्मथ उलटा आहे, बर्फासारखा फुगतो. आणि हा मिश्रधातू गोठल्यावरही तासभर फुगत राहतो, मोकळा ठेवला तर १०० मिलीमीटरला अर्ध्या मिलीमीटरपर्यंत. माझा धातू आतून भिंतीला ताणून बसला होता, मी त्या ताणलेल्या अंगावर माप काढलं, आणि धातू गेल्यावर भिंत परत आत आली. याच गुणामुळे तो भिंतीला घट्ट टेकतो, फट ठेवत नाही. गुण आणि खोड एकच.

उपाय बाबांच्या कपाटात होता. जुन्या काळी पातळ नळी आतून बोअर करायची असली की ते बाहेरून सायकलची ट्यूब ताणून गुंडाळायचे. रबर थरथर पिऊन टाकतं. ब्रेक ड्रम टर्न करणारे बाहेरून पट्टा बांधतात, तेच तत्त्व. मी ती ट्यूब आत नेली. दोन इंची जीआय पाइपचा तुकडा, बाहेरून ६० मिलीमीटर, खालून बंद, त्यावर ट्यूबचे दोन वेढे. तो डब्याच्या मधोमध उभा करून भोवतीच्या कड्यात धातू ओतला. आता धातूला फुगायचं असेल तर आत, रबराकडे जागा आहे. शिवाय माल तीन किलोच्या आत लागतो आणि पूर्ण १०० मिलीमीटर भरतो. ओतल्यावर तास-सव्वातास थांबायचं, बाहेरचा व्यास मापायचा, मगच कापायचा. तेव्हापासून धातू काढल्यावरचा फरक २० मायक्रॉनच्या आत राहिलाय.

एकदा पाइप मधोमध न ठेवता नजरेने ठेवला. १२०० आरपीएमला मशीन कपडे धुण्याच्या मशीनसारखं हललं. आता तळाशी नायलॉनची थाळी टर्न करून ठेवलीय, पाइप तिच्यात बसतो.

मे महिन्यात नागपूर ४५ च्या वर होतं तेव्हाही हा धातू दगड होता. माझ्यासाठी चार स्टार त्या महिन्याचेच. दुपारची शिफ्ट परत लागली. फिनिश कट मात्र भरपूर कूलंटमध्ये आणि हलका घ्या. कोरडा आणि जोरात घेतला तर धारेजवळ तापमान सत्तरच्या वर सहज जातं आणि भिंतीमागचा धातू पाझरायला लागतो.

पाचवा स्टार का नाही? एक तर सफाई. गरम पाण्यातून काढल्यावर कोपऱ्यात, थ्रेडमध्ये (आट्यांमध्ये) बारीक कण चिकटून राहतात. पहिल्या लॉटच्या दोन नगांवर ॲनोडायझिंगनंतर (ॲल्युमिनियमवर विजेने चढवायच्या संरक्षक थरानंतर) काळे डाग आले. आता दोनदा गरम पाणी, मग ब्रश, मग भिंगाखाली बघणं, असं करतो. ज्या भागांना पुढे मोठी उष्णता सोसायची आहे तिथे तर हे कण फार वाईट. जेट इंजिनच्या टर्बाइन ब्लेडचं मूळ कापताना ब्लेडभोवती असेच मिश्रधातू ओतून धरण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिथे कण राहू नये म्हणून जिवापाड काळजी घेतात, कारण तापल्यावर शिसं-बिस्मथ निकेलच्या मिश्रधातूत शिरून त्याला ठिसूळ करतात.

दुसरं, आरपार खाच. याच डब्याच्या एका वेगळ्या ड्रॉइंगला भिंतीत चार आरपार स्लॉट होते. एंडमिल (फिरून कापणारं टूल) भिंत पार करून धातूत घुसतो, कापतो छान, कडेला बर, म्हणजे खरखरीत काठ, अजिबात नाही. पण मग शिसं आणि कॅडमियमचा कीस ॲल्युमिनियमच्या चिपमध्ये, कूलंटमध्ये, आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातात. एक लॉट केला, तो कीस वेगळ्या डब्यात बंद करून ठेवला, कूलंट बदललं, आणि आरपार खाचांसाठी हा धातू बंद केला. तिथे अजूनही मेण आणि सकाळी सहाची शिफ्ट.

कॅडमियम आणि शिसं दोन्ही नको असेल तर फील्ड्स मेटल असतो, बिस्मथ-इंडियम-कथिलाचा, ६२ डिग्रीवाला. नागपूरच्या मेमध्ये तोही टिकेल, पण निम्मा इंडियम असतो, तेव्हा भाव विचारताना खुर्ची धरून बसा. रोजेस मेटल ९४ च्या पुढे वितळतो, कॅडमियम नाही, शिसं आहे, आणि तो काढायला पाणी जवळजवळ उकळतं ठेवावं लागतं. पुढची खरेदी बहुधा तीच करेन.

महिन्याला पाच-दहाच पातळ जॉब असतील आणि माप ढिलं असेल तर हा घेऊ नका. मेण, सॉफ्ट जॉ, सायकलची ट्यूब एवढ्यावर भागतं. माप ३० मायक्रॉनमध्ये आणि काम उन्हाळाभर असेल तर घ्या, पण सर्टिफिकेटशिवाय नको, आणि प्रत्येक कांडी पाण्यात तपासून.

काल वर्षअखेरीचा स्टॉक मोजताना वापरातल्या साडेचार किलोंचं वजन केलं. चार किलो तीनशे दहा. बंद डब्यातल्या किसात अंदाजे दीडशे ग्रॅम. चाळीस ग्रॅमचा हिशेब लागत नाही. आज सुट्टीच्या दिवशी पोट्ट्याला घेऊन चिप ट्रे, कूलंटची जाळी आणि बेंचखालचे कोपरे, हातमोजे घालून, उपसायला बसलोय.